मोठ्या नावाच्या एक्स्पर्टने सही खोटी म्हटलं, आता गप्प बसायचं का?

आधी पत्राबद्दल थोडक्यात सांगतो. लिहिणाऱ्या ताईंचे वडील गेल्या वर्षी वारले. जायच्या काही महिने आधी, पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यानंतर, त्यांनी मृत्युपत्र केलं, घर दोघी बहिणींना आणि बाकीचं मोठ्या दादाला. दादा म्हणतोय सही वडिलांची नाहीच. त्याने एक हॅन्डरायटिंग एक्स्पर्ट गाठला, साधासुधा नाही, रिटायर्ड मोठा अधिकारी, न्यूज चॅनलवर दिसणारा, आणि त्यांनी रिपोर्ट दिला की सही वडिलांच्या हातची नाही. तेव्हापासून सगळं फिरलंय. धाकटी बहीण म्हणते सोडून दे. मध्यस्थी करणारे मामा म्हणतात एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल. ताईंचे स्वतःचे वकीलही आता तडजोडीचं बोलायला लागलेत. पुढच्या आठवड्यात बैठक आहे आणि तिथे तडजोडीचा कागद समोर येणार. ताई विचारतात, "सर, मी कर्ज काढून त्यांच्याहून मोठ्या नावाचा एक्स्पर्ट आणू का? की ते एवढे नावाजलेले आहेत म्हणजे लढून काही उपयोगच नाही?" सोबत रिपोर्टच्या शेवटच्या दोन पानांचे फोटो जोडलेत.

ताई, पत्र वाचून पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की रिपोर्ट अजून कोर्टात गेलेलाच नाही. त्यावर एकही प्रश्न कुणी विचारलेला नाही. तरीही तुमची बहीण, मामा आणि वकील तिघेही गळाठलेत. मोठ्या नावाचं काम असंच चालतं बघा, कोर्टाच्या आधी, बैठकीच्या खोलीत, फोनवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर. कोर्टात निदान समोरचा वकील उभा राहून विचारतो की साहेब, तुम्ही नक्की काय पाहिलंत. बैठकीत तसं कुणी विचारत नाही, तिथे फक्त नाव येतं आणि लोक आपोआप आवाज खाली करतात.

आता एक स्पष्ट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तुमची बाजू घेतोय. ती सही खरी आहे की खोटी हे मी इथून सांगू शकत नाही. तुम्ही स्वतः त्या वेळी बाहेरच्या खोलीत होतात असं लिहिलंय, म्हणजे तुम्हीही सही होताना पाहिलेली नाही. एक्स्पर्ट बरोबरही असू शकतात, ही शक्यता मनात ठेवूनच पुढचं वाचा. मी बोलतोय ते एवढंच की त्यांच्या नावावरून यातलं काहीच ठरत नाही. ठरलंच तर त्यांनी काय पाहिलं आणि कसं पाहिलं यावरून ठरेल.

आणि ते तुम्ही पाठवलेल्या फोटोंतच आहे, तुमच्यापैकी कुणी वाचलेलं दिसत नाही. शेवटच्या पानावर निष्कर्ष मोठ्या अक्षरात आहे, खाली डिग्र्या, पदं, सही, शिक्का, आणि सगळ्यांची नजर तिथेच गेली. त्याच्या आधीचं पान बघा. वादातल्या सहीला त्यांनी क्यू-१ असा नंबर दिलाय आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलंय "पुरवलेली छायाप्रत". म्हणजे झेरॉक्स. मूळ मृत्युपत्र तर तुमच्या वकिलांच्या कपाटात आहे असं तुम्हीच पत्रात लिहिलंय, ते कुणी मागायलाही आलेलं नाही! मग खाली तुलनेच्या सह्या, ए-१ ते ए-४, चारच, आणि चारही बँकेच्या कागदांवरच्या, सगळ्यांची तारीख मृत्युपत्राच्या अकरा-बारा वर्षं आधीची. झटका आल्यानंतरची एकही सही यादीत नाही. आणि त्या चार सह्या दिल्या कुणी? "अर्जदाराने सादर केलेल्या", म्हणजे दादाने.

हे तिन्ही मुद्दे किती मोठे आहेत ते जरा नीट सांगतो, कारण लोकांना वाटतं एक्स्पर्ट म्हणजे भिंग लावून अक्षराचा आकार बघतो आणि सांगतो. आकार तर नक्कल करणाराही बघतोच की, तोच तर त्याने गिरवलेला असतो. खरं बघायचं असतं ते रेघेत. पेन कागदाला कुठे टेकलं आणि कुठे उचललं, दाब कुठे वाढला कुठे कमी झाला, सुरुवात आणि शेवट टोकदार आहे की थबकून बोथट झालाय, मधेच रेघ तुटून पुन्हा जोडलीय का, कुठे मागाहून दुरुस्त केलंय का. झेरॉक्सवर यातलं बरंचसं जातं. दाबाचा उमटलेला खळगा तर झेरॉक्समध्ये येतच नाही, शाई एकच आहे का दोन हेही कळत नाही, आणि कुणी दुसऱ्या कागदावरची सही कापून चिकटवून झेरॉक्स काढली असेल तर तेही लपू शकतं. म्हणून चांगला एक्स्पर्ट झेरॉक्सवर मत देताना हात आखडून देतो, सरळ लिहितो की मूळ कागद बघितल्याशिवाय हे मत पक्कं समजू नये. तुमच्या रिपोर्टच्या या दोन पानांत असं वाक्य मला सापडलं नाही, पूर्ण रिपोर्ट बघा, कदाचित पुढे-मागे असेल.

दुसरी गोष्ट आजारपणाची. झटक्यानंतर हात बदलतो, तुम्ही लिहिलंयत की वडील उजव्या हाताने कसंबसं धरून सही करायचे. अशा माणसाची सही त्याच्या बारा वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळली नाही यात नवल काय? थरथर दोन प्रकारची असते, आजारी हाताची थरथर ओबडधोबड असते, कुठे रेघ एकदम सुटते, अक्षर पडतं, पण त्यात बेफिकिरी असते, माणूस आपली सही काढतोय, चित्र नाही. नक्कल करणाऱ्याची थरथर संथ असते, तो घाबरत घाबरत आकार सांभाळतो, त्यामुळे त्याची सही बऱ्याचदा खऱ्या माणसाच्या सहीपेक्षा नीटनेटकी दिसते. हा फरक ओळखता येतो पण त्यासाठी त्याच काळातल्या, त्याच आजारातल्या खऱ्या सह्या समोर हव्यात, आणि तशा नसतील तर प्रामाणिक उत्तर "ठरवता येत नाही" हेच आहे.

तिसरी गोष्ट नमुने कुणी दिले याची. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९८३ चं, हिटलरच्या डायऱ्या. जर्मनीतल्या श्टेर्न मासिकाने त्या प्रचंड पैसे मोजून घेतल्या आणि तपासायला लहानसहान माणसं गाठली नव्हती, अमेरिकेचे ऑर्डवे हिल्टन आणि स्वित्झर्लंडचे माक्स फ्राय-झुल्त्सर, दोघंही आपल्या क्षेत्रात मानाची माणसं. दोघांनीही अक्षर हिटलरचंच म्हटलं. घोळ असा होता की तुलनेसाठी त्यांच्यापुढे ठेवलेल्या "खऱ्या" कागदांतलेच काही कागद त्याच कोनराड कुयाऊने बनवलेले होते ज्याने डायऱ्या लिहिल्या! म्हणजे त्यांनी एकाच माणसाचं अक्षर एकाच माणसाच्या अक्षराशी जुळवलं आणि ते जुळलं, त्यात त्यांची नजर चुकली असंही म्हणता येत नाही. डायऱ्या जाहीर झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत जर्मनीच्या सरकारी अभिलेखागाराने कागदात युद्धानंतर वापरात आलेलं पांढरं करणारं रसायन दाखवलं आणि खेळ खलास. दोन मोठ्या नावांना कागदाच्या साध्या तपासणीने खोटं ठरवलं. तुमच्या दादाने नमुन्यात गडबड केली असं मी म्हणत नाहीये हां, मी म्हणतोय की एका बाजूने निवडून दिलेल्या चार सह्यांवर दिलेलं मत हे त्या चार सह्यांबद्दलचं मत असतं, बस.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मोठ्या नावाला त्याहून मोठं नाव. नका करू असं. म्हणजे एक्स्पर्ट घेऊ नका असं नाही, त्याबद्दल पुढे बोलतो, पण नाव मोठं म्हणून घेऊ नका. कारण या मार्गाने लोक कुठे पोचतात त्याचा एक जुना किस्सा आहे, आणि तोही मृत्युपत्राचाच. १८६५ मध्ये अमेरिकेत सिल्व्हिया हाउलँड नावाची खूप श्रीमंत आणि आजारी बाई वारली. तिची भाची हेट्टी रॉबिन्सन, म्हणाली मावशीच्या जुन्या मृत्युपत्राला एक जास्तीचं पान आहे, त्यावर मावशीची सही आहे आणि त्याप्रमाणे सगळं माझं. समोरच्यांचं म्हणणं, ही सही दुसऱ्या सहीवर कागद ठेवून गिरवलीय. मग दोन्हीकडून नावं यायला लागली. एका बाजूने हार्वर्डचे गणिताचे प्रोफेसर बेंजामिन पर्स आले, त्यांच्या मुलाने मावशीच्या ४२ सह्या एकमेकींवर ठेवून प्रत्येकीतल्या खाली येणाऱ्या ३० रेघा किती जुळतात ते मोजलं होतं, आणि पर्स साहेबांनी कोर्टात सांगितलं की दोन खऱ्या सह्या इतक्या तंतोतंत जुळण्याची शक्यता २,६६६ च्या पुढे अठरा शून्यं लावली तर त्यात एक. दुसऱ्या बाजूने निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी आले, त्यांनी मायक्रोस्कोपखाली पाहून सांगितलं की गिरवल्याची खूण दिसत नाही, आणि शिवाय ऑलिव्हर वेंडेल होम्स, डॉक्टर आणि लेखक म्हणून देशभर माहीत असलेला माणूस. आता बघा, यातल्या एकाचाही धंदा सह्या तपासण्याचा नव्हता! आणि तो अठरा शून्यांचा आकडा, त्यात धरून चाललं होतं की प्रत्येक रेघेचं जुळणं स्वतंत्र आहे, पण एकाच हाताची, एकाच बैठकीतली सही असेल तर एक रेघ जुळली की पुढची जुळायची शक्यता वाढतेच ना. पण प्रोफेसर हार्वर्डचे, आकडा एवढा मोठा, कोण बोलणार. शेवटी १८६८ मध्ये निकाल लागला तो हेट्टीची स्वतःची साक्ष ग्राह्य धरता येत नाही या कायद्याच्या मुद्द्यावर, आणि सही खरी का खोटी हे कोर्टाने ठरवलंच नाही. एवढी सगळी नावं आणली ती पाण्यात गेली.

नावाचा आणखी एक प्रकार असतो तो जास्त घातक, दुसऱ्या कामातलं नाव या कामात चालवायचं. फ्रान्समध्ये १८९४ साली लष्करातल्या कॅप्टन ड्रायफसवर जर्मनीला गुपितं पुरवल्याचा आरोप आला, त्या प्रकरणात हेच झालं. एका कागदाचं अक्षर कॅप्टन ड्रायफसचं आहे का हे आधी बँक ऑफ फ्रान्सच्या गोबेरना विचारलं, ज्यांचं कामच कागद तपासायचं होतं, ते म्हणाले हे दुसऱ्या कुणाचंही असू शकतं. ते उत्तर नको होतं म्हणून बर्टिलाँना बोलावलं, गुन्हेगारांची शरीराची मापं घेऊन ओळख पटवायची पद्धत काढणारा माणूस, जगभर नाव, पण अक्षराचा एक्स्पर्ट नव्हे. त्यांनी ड्रायफसचंच म्हटलं, आणि अक्षरात फरक आहेत ते कसे, तर म्हणे त्याने स्वतःचंच अक्षर मुद्दाम बदलून लिहिलंय. म्हणजे जुळलं तरी तोच, नाही जुळलं तरी तोच. निर्दोष ठरायला ड्रायफसला १९०६ उजाडावं लागलं. यावरून तुमच्या वकिलांनी विचारायचा एक प्रश्न तुम्हाला देऊन ठेवतो, माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न: "साहेब, या सहीत काय दिसलं असतं तर तुमचं मत उलट झालं असतं?" ज्याने खरंच तपासलंय तो लगेच दोन-तीन गोष्टी सांगतो. ज्याच्याकडे नुसतं नाव आहे तो अनुभवाची वर्षं सांगायला लागतो.

म्हणजे या विद्येत काही दमच नाही असं समजू नका. तसं म्हणणारेही आहेत, मला ते पटत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत ८६ तपासनीसांची मोठी परीक्षा घेतली गेली, वेगवेगळ्या माणसांचं अक्षर एकाच माणसाचं आहे असं चुकून म्हणण्याचं प्रमाण ३.१ टक्के निघालं, जुळ्या भावंडांच्या अक्षरात ते ८.७ पर्यंत गेलं, आणि एकाच माणसाचं अक्षर वेगवेगळ्यांचं म्हणण्याचं प्रमाण १.१ टक्के. म्हणजे शिकलेला माणूस नीट नमुने मिळाले तर बऱ्यापैकी बरोबर सांगतो. तुमच्याबाबतीत जी चूक झाली असं तुम्हाला वाटतंय ती याच शेवटच्या प्रकारची, त्यामुळे प्रमाण कमी आहे हे मी लपवत नाही. पण झटका आलेल्या माणसाची एक सही, तीही झेरॉक्सवर, आणि बारा वर्षं जुने चार नमुने, अशा परिस्थितीचा हा आकडा नाही.

आणि एक गोंधळ दूर करा. अक्षरावरून स्वभाव सांगणारे वेगळे, त्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. कुणी तसले ग्राफॉलॉजीवाले आणायला सांगितले तर हात जोडा.

मग करायचं काय. बैठकीत तडजोडीच्या कागदावर सही करू नका, एवढं तर नक्की. रागावून नाही, शांतपणे सांगायचं की पूर्ण रिपोर्ट, सगळे फोटो आणि तुलनेचे तक्ते यांच्यासकट आम्हाला द्या, वाचून मग बोलू. मामांनाच ते आधीचं पान वाचून दाखवायला सांगा, मोठ्याने, "छायाप्रत" या शब्दासकट आणि चारही तारखांसकट. तुम्ही स्वतः एक्स्पर्टच्या विरोधात एक अक्षर बोलू नका, ते विकले गेलेत वगैरे तर मुळीच नाही. तसं म्हणालात की विषय पुन्हा त्यांच्या नावावर जातो आणि तिथे तुम्ही हरणारच. मूळ कागद दाखवायला आम्ही तयार आहोत, दोन्हीकडच्या माणसांसमोर, हे मात्र आवर्जून म्हणा. हे म्हणायला तुमचा कागद खरा आहे यावर तुमचा भरवसा हवा, तो आहे का हे रात्री एकदा स्वतःला विचारा, कारण दादा "हो" म्हणाला तर मागे फिरता येणार नाही.

तो मूळ कागद लॅमिनेट करू नका, स्टेपल मारू नका, त्याच्यावर दुसरा कागद ठेवून काहीही लिहू नका, खालच्या कागदावर दाब उमटतो आणि मग नवीनच भानगड.

तुमचा एक्स्पर्ट तुमच्या वकिलांमार्फत घ्या, थेट नको. निवडताना विचारा की कुणाच्या हाताखाली किती काळ फक्त कागदपत्रंच तपासायला शिकलात, तुमची परीक्षा बाहेरच्या कुणी घेते का, आणि आजवर "ठरवता येत नाही" असं किती वेळा लिहून दिलंय. याचं उत्तर "कधीच नाही" असं आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या. आणि मग, हे अवघड जातं लोकांना, त्यांना तुमची कहाणी सांगू नका. दादा कसा वागला, बाबा काय म्हणाले होते, समोरच्या साहेबांनी काय मत दिलंय, काहीच नाही. बोटांच्या ठशांबाबत २००६ मध्ये एक प्रयोग झाला होता, पाच अनुभवी तपासनीसांना त्यांनीच पूर्वी जुळतात म्हणून सांगितलेले ठसे पुन्हा दिले, फक्त सोबत गोष्ट वेगळी सांगितली, आणि पाचातल्या चौघांनी स्वतःचंच जुनं मत बदललं. अनुभव कमी होता म्हणून नव्हे, गोष्ट कानावर पडली म्हणून. तेव्हा कागद द्या, नमुने द्या, वडिलांच्या आजाराची तारीख आणि डॉक्टरांचे पेपर द्या कारण ते तपासणीला लागतात, बाकी तोंड बंद. आणि त्यांनी तुमच्या विरुद्ध मत दिलं तर तेही ऐकायची तयारी ठेवा, ते बैठकीत कळण्यापेक्षा वकिलांच्या ऑफिसात कळलेलं बरं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेली, मला वाटतं तुमच्या केसचा खरा आधार तीच आहे. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून डॉक्टरांची आणि शेजाऱ्यांची सही आहे. दोघं हयात आहेत. ज्यांच्या डोळ्यांसमोर पेन फिरलं त्या दोन माणसांशी अजून कुणीच बोललेलं नाही, वकीलसुद्धा नाही! सगळे त्या एका रिपोर्टभोवती फिरताहेत. वकिलांना सांगा आधी त्या दोघांना भेटा, वडील त्या दिवशी बसले होते की आडवे, पेन कुणी दिलं, कागद कशावर टेकवला, सही एका दमात झाली का मधे थांबले, हे त्यांना आठवतं तसं लिहून घ्या. तुम्ही सोबत जाऊ नका.

आणि आजारपणातल्या सह्या शोधायला लागा. बहिणीला कामाला लावा, ती लढायला तयार नसली तरी कागद शोधायला तयार होईल. हॉस्पिटलचे कन्सेंट फॉर्म, डिस्चार्जच्या वेळचे कागद, फिजिओथेरपीच्या हजेरीचं कार्ड, चेक, कुरिअर घेतल्याच्या सह्या, विम्याचे फॉर्म, झटका आल्यापासून ते जाईपर्यंतचं जे मिळेल ते, आणि निवडू नका, सही वेडीवाकडी आलीय म्हणून एखादा कागद मागे ठेवलात तर तुम्ही तेच केलंत जे तुम्हाला दादाबद्दल वाटतंय. हॉस्पिटलपासून सुरुवात करा, बैठकीचीही वाट बघू नका, कारण जुने रेकॉर्ड ती कायम ठेवत नाहीत, आणि झेरॉक्सवर समाधान मानू नका, मूळ फॉर्म जपून ठेवा असा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.